वेगळे आवाज

१

दर सोमवारी सकाळी, बाकीची मंडळी पंखा कोणाकडे फिरवायचा यावर वाद घालत असताना, गाळणीचा अहवाल निम्मा झालेला असे. वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात तिला इतकी वर्षं झाली होती की तिचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. 'गाळणी' हे नाव साहेबांनी पाडलं होतं आणि ते तिला चपखल बसलं, कारण ती करायची तेच: फोनांच्या ढिगातून माणसं गाळून काढायची.

काम सांगायला सोपं होतं. शहराचे विभाग पाडलेले. प्रत्येक विभागातून आठवडाभर फोन यायचे. दिवे गेले, मीटर पळतंय, खांबावर ठिणग्या उडतायत. नुसते फोन मोजले तर फसगत व्हायची. एखादे रिकामटेकडे आजोबा दिवसातून चारदा फोन फिरवायचे आणि अख्खा विभाग खवळलाय असं वाटायचं. म्हणून अहवालात प्रत्येक विभागापुढे दोन आकडे असत. फोन किती आले हा पहिला, आणि ते करणारी वेगवेगळी माणसं किती हा दुसरा. ही माणसं ओळखायला कंपनीने एक मशीन घेतलं होतं. घरातल्या प्रत्येकाने एकदा चार वाक्यं बोलून आवाज नोंदवून ठेवायचा. मग पुढे कधीही नुसतं 'हॅलो' म्हटलं की मशीन माणूस ओळखायचं. सर्दी झालेली असो की रडून घसा बसलेला असो, ते चुकत नसे. दोन जुळ्या बहिणी एकमेकींच्या नावाने फोन करून गंमत करायच्या, त्यांनाही मशीनने पहिल्याच दिवशी पकडलं होतं.

"शंभर फोन म्हणजे शंभर माणसं नव्हेत," हे गाळणी नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून वदवून घ्यायची.

त्या सोमवारी तिचं बोट टेकडीमागच्या वसाहतीवर थांबलं. फोन नेहमीइतकेच, पाचशेच्या घरात. वेगवेगळी माणसं मात्र एकोणचाळीस. एरवी तिथे साडेतीनशेच्या खाली आकडा जात नसे.

ती घाबरली वगैरे नाही. स्वतःवरच चिडली. गट पाडताना एखादा रकाना सरकला असेल, दोन विभाग एकात मिसळले असतील, रिकाम्या नोंदी कुठेतरी माणूस म्हणून धरल्या गेल्या असतील. तिने सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. इतर विभाग जिथल्या तिथे बसले. टेकडीमागचा एकोणचाळीसवरच राहिला. मग तिने त्या विभागाच्या सगळ्या नोंदी उघडल्या आणि डोळ्यांनी पाहू लागली. अडतीस आवाजांचा प्रत्येकी एखाददुसरा फोन होता. उरलेले सगळे एकाच आवाजाचे होते.

२

मशीन सांभाळणारा मशीनदादा तिच्याच बरोबर नोकरीला लागला होता. दोघं एकाच दिवशी रुजू झाले आणि त्या दिवसापासून एकमेकांच्या चुका काढत आले. त्याची खोली आतल्या बाजूला होती, भिंतींना जाड कापड ठोकलेलं, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून.

"मशीन म्हातारं झालंय तुझं," गाळणी आत येत म्हणाली.

"मशीन ठणठणीत आहे. तुझाच रकाना घसरला असेल."

"मग ऐकव."

त्याने त्या एका आवाजाच्या नावावर असलेला पहिला फोन लावला. एक म्हातारा बोलत होता. जिन्यातला दिवा लागत नाही, अंधारात कोणीतरी पडेल. दुसऱ्या फोनवर शाळकरी मुलगी होती. आई घरी नाही आणि मीटरमधून वास येतोय. तिसऱ्यावर एक माणूस स्वतःच्याच विनोदावर हसत बिलाबद्दल विचारत होता. मशीनदादाने गाळणीकडे पाहिलं. तीन माणसं, आंधळ्यालाही कळेल इतकी निराळी. पडद्यावर मात्र तिघांपुढे एकच खूण.

"आहे खरी गडबड," तो कबूल झाला. "सगळं पुन्हा शिकवतो त्याला."

"हा आवाज मुळात कोणाच्या नावावर नोंदवलाय?"

त्याने शोधलं. "कोणाच्याच नाही. नोंद नसलेला आवाज आला की मशीन स्वतःच नवा खण उघडतं. हा तसाच उघडलाय. ही सगळी माणसं आपापले जुने खण सोडून यात पडलीत."

गाळणी निघणारच होती, पण तिला काहीतरी खटकलं होतं आणि काय खटकलं ते कळेपर्यंत जागचं हलायचं नाही, ही तिची जुनी खोड. "पुन्हा लाव," ती म्हणाली. "शब्द नको. बोलायच्या आधीचं तेवढं लाव."

बोलण्याआधी म्हातारा श्वास घेत होता. मुलगीही घेत होती आणि हसणारा माणूसही.

"श्वास सगळेच घेतात," मशीनदादा म्हणाला.

"घेतात ना. एकापुढे एक लाव."

त्याने वीस-पंचवीस फोनांचे नुसते सुरुवातीचे तुकडे जोडले आणि चालू केले. कापडाने मढवलेल्या त्या खोलीत तो श्वास ऐकू येऊ लागला. सावकाश, लांब, शेवटी किंचित अडकणारा. मग पुन्हा तोच आणि पुन्हा तोच. म्हातारे, बाया, पोरं, कोणाचाही असो, लांबी तीच आणि अडकण्याची जागाही तीच. शेजारच्या खोलीत कोणीतरी निवांत झोपलेलं असावं, तसं.

मशीनदादाने आवाज बंद केला आणि उगीचच पंख्याचं बटण दाबलं.

"पुन्हा शिकवतो त्याला," तो परत म्हणाला, पण यावेळी गाळणीकडे न पाहता.

३

टेकडीमागच्या वसाहतीत गाळणीची मावशी राहायची.

आईच्या माघारी गाळणीला वाढवलं ते मावशीने. शिवणकाम करून. पडदे, शाळेचे गणवेश, पँटीच्या कडा, जे येईल ते. मावशी बोलताना अडखळायची. विशेषतः 'प' आला की तिचा शब्द दारातच अडून बसायचा. दुकानात, शाळेत, दवाखान्यात, जिथे जाईल तिथे लोक तिचा अडलेला शब्द तिच्या हातात ठेवून मोकळे व्हायचे. लोकांना वाटे आपण मदत केली. मावशीच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबायच्या. दिलेला शब्द ती कधीच घ्यायची नाही. कोणी 'पिशवी' म्हणून सुचवलं की ती थांबायची, त्या माणसाकडे पाहायची आणि 'थैली' म्हणायची. लहानपणी गाळणी तिच्याकडून एकच शिस्त शिकली होती: मावशीचं वाक्य कितीही लांबलं तरी गप्प बसायचं. ते मावशीचं आहे, मावशीच संपवेल.

त्या आठवड्यात गाळणीने मुद्दाम फोन केला.

"शेजारपाजार कसा आहे गं?"

"बरा आहे. हल्ली भांडत नाहीत." मावशीच्या मागे शिलाईचं यंत्र टकटकत होतं. "खालचा सुतार आणि वरची नर्स यांचं तर तुला माहितीये, एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. आता काल जिन्यात उभे होते. तो बोलायला लागला आणि वाक्य तिने संपवलं. मग ती हसली, आवाज मात्र त्याचा आला. म्हणजे मला तरी तसं वाटलं. कान गेले असतील माझे."

"तुझ्याशी कसे वागतात?"

टकटक थांबली. "येऊन बसतात. रोज. काही काम नसतं. मी कुठे अडते त्याची वाट बघतात. अडले की सगळे मिळून शब्द देतात. आणि बरोबर देतात गं. मी जो म्हणणार असते तोच."

"मग?"

"मग काय? मी तो घेत नाही."

"माझ्याकडे ये राहायला."

"गणवेश आहेत हातात. शाळा सुरू व्हायच्या आत द्यायचेत," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं नेहमीचंच. हातातलं शिवण टाकून ती भूकंपातही उठली नसती.

४

पुढचा सोमवार उजाडला तोवर मशीनदादाने मशीनला सगळे आवाज नव्याने शिकवले होते. ऑफिसातल्या प्रत्येकाचा 'हॅलो' तपासून झाला होता. चहावाल्यापासून साहेबांपर्यंत प्रत्येकजण आपापल्या खणात नीट पडला होता.

टेकडीमागच्या वसाहतीपुढे वेगवेगळी माणसं होती दोन.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे बघा, आपण उगाच त्या भागाला खराब समजत होतो. पाचशे फोन आणि तक्रार करणारे दोन! बाकी सगळे खुश. वरती असंच कळवा. 'दोन त्रासदायक ग्राहक', असं लिहा."

"साहेब, ही शेकडो माणसं आहेत."

"गाळणीबाई, तुम्हीच तर सांगता ना, शंभर फोन म्हणजे शंभर माणसं नव्हेत?"

"सांगते. पण ही आहेत. फोन घेणाऱ्या मुलींना विचारा. म्हातारे आहेत, पोरं आहेत, बायका आहेत."

"आणि मशीन म्हणतं दोन. मशीनसाठी कंपनीने केवढा खर्च केलाय, ठाऊक आहे?" ते हसले. वाईट माणूस नव्हता तो. चांगला आकडा आला की त्याला तो उलटून पाहावासा वाटत नसे, इतकंच. "सही करा आणि पाठवून द्या."

"सही नाही करणार," गाळणी म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिलाच नवल वाटलं. "चुकलंय म्हणून नाही. बरोबर आहे असं वाटायला लागलंय, म्हणून."

अहवाल तिने त्यांच्या टेबलावरच ठेवला. ती जागेवर आली आणि तिने ते दोन खण उघडले. पहिल्यावर जवळजवळ सगळे फोन. दुसऱ्यावर एकच. नोंदवलेला आवाज, जुना खण, नावासकट.

मावशी.

मावशीने जन्मात कधी अनोळखी माणसाला फोन केला नव्हता. अंधारात बसेल, पण तक्रार केंद्रातल्या पोरीसमोर अडखळणार नाही. गाळणीने ते रेकॉर्डिंग कानाला लावलं.

"हॅलो," मावशी म्हणाली. "तुमच्याकडे माझी भाची काम करते. तिला निरोप द्या. म्हणावं, मी प… प…"

मागून आवाज आले. खूप जवळून, हळू, मायेने. पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे, सगळे एकदम. *पोहोचते.* *पोहोचते.* *मी पोहोचते.*

मावशी थांबली. तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येत राहिला.

"म्हणावं, मला न्यायला ये," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

गाळणीने पर्स घेतली. मशीनदादा दारात उभा होता. त्यानेही ऐकलं असावं. "सोबत येऊ?" त्याने विचारलं.

"इथे थांब. त्या वसाहतीतून मी फोन केला, तर तो मीच केलाय का, ते मशीनला विचार. नुसत्या माझ्या आवाजावर भरवसा ठेवू नकोस."

५

बसमधून वसाहतीच्या थांब्यावर ती एकटीच उतरली. लख्ख दुपार होती. चार मजली इमारतींच्या रांगा, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, मधे मोकळी जागा आणि तिथे चेंडू खेळणारी मुलं. सगळं जिथल्या तिथे. ती थोडं चालली आणि मग तिच्या लक्षात आलं की मुलं ओरडत नव्हती. चेंडू जायचा, मुलं धावायची, कोणी पडायचं, उठायचं. 'माझा', 'सोड', 'आउट', काही नाही. कोणाला काही सांगायची गरजच नसावी तशी ती खेळत होती.

कोपऱ्यावर वाणसामानाचं दुकान होतं. दुकानदार तिच्याकडे पाहून हसला. "कोणाकडे…"

"…जायचंय?" शेजारी उभ्या बाईने विचारलं.

"मावशीकडेच जात असेल," पायरीवर बसलेला मुलगा म्हणाला.

तिघांनी मिळून एक साधा प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तरही दिलं होतं. तिघेही चांगल्या मनाने हसत होते. गाळणीने मान हलवली आणि ती पुढे गेली. थकल्याभागल्या माणसांचं हे असंच होतं, तिने स्वतःला समजावलं. एका जागी वर्षानुवर्षं राहिली की माणसं एकसारखी बोलायला लागतात. नवरा-बायकोंचं होतं. आमच्या ऑफिसातही साहेबांची ढब सगळ्यांनी उचललीय. तिचं डोकं एकामागून एक कारणं पुढे करत होतं आणि पाय भराभर चालत होते.

जिना चढताना तिला शिलाई यंत्राचा आवाज ऐकू आला आणि जिवात जीव आला. त्या अख्ख्या इमारतीत तेवढा एकच आवाज होता.

मावशी यंत्रावर वाकली होती. खोलीत पलंगावर, स्टुलावर, जमिनीवर मिळून सात-आठ माणसं बसली होती. सुतार होता. नर्स होती, तिच्या कामाच्या कपड्यांत. कोणी बोलत नव्हतं. सगळे मावशीच्या तोंडाकडे पाहत होते.

"आलीस," मावशी मान वर न करता म्हणाली. "एवढी कड दुमडून घेते."

"मावशी, ऊठ."

"तीन बोटं राहिलीय."

गाळणी उभी राहिली. यंत्र टकटकत राहिलं. कड संपली, मावशीने धागा दाताने तोडला, गणवेश झटकून घडी घातला आणि गठ्ठ्यावर ठेवला. मग चष्मा पुसत गाळणीच्या अगदी जवळ आली आणि कुजबुजली, "आधी तुलाच लावला होता फोन. घरी. तू उचललास. छान बोललीस."

"मला फोन आलाच नाही, मावशी."

"ते कळलं मला. तू माझं वाक्य संपवलंस."

६

कातरीची पेटी आणि गणवेशांच्या गठ्ठ्याची एक पिशवी, बस्स. त्या निघाल्या तशी बसलेली माणसंही उठली. त्यांनी अडवलं नाही. वाट दिली. मागोमाग मात्र येत राहिली. जिन्यात आणखी माणसं उभी होती, भिंतीला टेकून, दोन्ही बाजूंनी. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच ओळखीचा, काळजीचा भाव.

"इतक्यात निघालात?" कोणीतरी विचारलं.

"हो, आम्ही जरा…" गाळणीने सुरुवात केली.

"…बाहेर जाऊन येतो," वरच्या मजल्यावरून उत्तर आलं. गाळणीच्या आवाजात.

तिने मान वर करून पाहिलं. आवाज तिचा होता. फोनवर स्वतःचा आवाज परका वाटतो तसाही नव्हता. आतून ऐकू येतो तसा होता. आणि तिला बरं वाटलं, हे तिने पुढे मशीनदादाला सांगितलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली होती. किती बरं! शब्द शोधायला नको, जुळवायला नको, समोरच्याला पटेल का याची चिंता नको. बोलून झालेलं होतं. तिने फक्त तोंड मिटायचं होतं.

तिने पुढचं वाक्य मनात आणलं. ते मनात नीट उमटायच्या आधीच खालच्या मजल्यावर कोणीतरी म्हणालं, तिच्याच आवाजात, "मावशीला बरं नाहीये."

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एका घराचं दार उघडं होतं. आत पडदे ओढलेले. भिंतीशी खुर्च्या मांडून घरातली माणसं बसली होती, आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत. सगळ्यांची तोंडं किंचित उघडी. ओठ हलत नव्हते. तरी आवाज त्या तोंडांमधूनच येत होता, आणि तो जवळून येत नव्हता. खूप आतून येत होता, मोठ्या रिकाम्या जागेत घुमून येतो तसा. गाळणी पाहत राहिली आणि क्षणभर तिला दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं, की ही तोंडं नव्हेत, ही दारं आहेत. एकाच खोलीची पुष्कळ दारं. आणि त्या खोलीत, सगळ्यांच्या मागे, कोणीतरी उभं राहून सावकाश, लांब श्वास घेत होतं. शेवटी किंचित अडकणारा.

तिचं तोंड उघडू लागलं.

मावशीने तिच्या तोंडावर हात दाबला. शिवणाऱ्या बाईचा हात, सुयांनी खरबरीत झालेला. "तू बोलायचं नाहीस," ती म्हणाली. "मी बोलते."

आणि मावशी बोलू लागली. जन्मभर चार शब्दांत काम भागवणारी ती बाई, तीन मजले सलग बोलत उतरली. जे सुचेल ते. गणवेशांबद्दल, सुतारावर रागावून, नर्सच्या आखूड झालेल्या बाह्यांबद्दल. "तुझ्या फळीचा प… प…" ती अडली की जिनाभर सगळे एकदम पुढे झुकायचे आणि शब्द यायचा, वरून, खालून, मागून, *पापुद्रा*, *पापुद्रा*, आणि मावशी एका पायरीवर थांबून तो जाऊ द्यायची. पावसातून चालणारा माणूस एखाद्या आडोशाला थांबतो तशी. मग दुसराच शब्द काढायची, कुठलाही, कधीकधी अगदीच चुकीचा. "…तुझ्या फळीचा रंग उडालाय!" की माणसं अर्धवट पुढे आलेली तशीच राहायची आणि त्या दोघी आणखी चार पायऱ्या खाली. मावशीच्या कपाळावरून घाम निथळत होता. गाळणीने पेटी छातीशी धरली होती आणि डोळे फक्त मावशीच्या पाठीवर ठेवले होते.

बाहेर ऊन तसंच होतं. बस येईपर्यंत मावशी बोलत होती. बसमध्ये बसल्यावर गप्प झाली ती दुसऱ्या दिवसापर्यंत.

७

मावशी आता गाळणीकडे राहते. मागच्या खोलीत खिडकीपाशी तिने नवं यंत्र मांडलंय. वसाहतीतल्या गणवेशांचा गठ्ठा तिने शाळेला पाठवून दिला, न चुकता.

गाळणीने वरच्या ऑफिसला लेखी कळवलं, तोंडी कळवलं, दोनदा जाऊन भेटली. कंपनीने पाहणीला एक माणूस पाठवला. त्याने येऊन सांगितलं की तारा ठीक आहेत, मीटर ठीक आहेत आणि लोक फार सभ्य आहेत. गाळणीने त्याला मशीनसमोर 'हॅलो' म्हणायला लावलं. तो स्वतःच्याच खणात पडला. तीही रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी मशीनदादाच्या खोलीत जाऊन 'हॅलो' म्हणते. तो पडदा पाहतो आणि म्हणतो, "तूच आहेस. जा कामाला." यात आता दोघांपैकी कोणीच हसत नाही. टेकडीमागची वसाहत आता अहवालात 'एक' दाखवत होती. साहेब ती ओळ पाहायचेही नाहीत.

मग एका सोमवारी तिथे 'दोन' आले.

गाळणीने मांडणी पुन्हा केली नाही. ती सरळ घरी गेली आणि मावशीला घेऊन आली. मशीनदादाने तिघांसाठी खुर्च्या लावल्या, दार बंद केलं आणि तो दुसरा फोन चालू केला.

श्वास होता. पण लांब नव्हता. तुटक, घाईचा, धावत आलेल्या माणसाचा.

"हॅलो," एक बाई म्हणाली. "आमच्याकडे… आमच्या घरी…"

*दिवे गेलेत*, मागून सगळे म्हणाले. हळू, मायेने. *दिवे गेलेत. दिवे.*

बाई गप्प झाली. बराच वेळ काहीच नाही. फोन घेणारी मुलगी दोनदा 'हॅलो, हॅलो' म्हणाली. मागचे आवाज तोच शब्द पुन्हा पुन्हा देत राहिले, न चिडता, न थकता. मग त्या बाईने घसा साफ केला. एखादं जड कपाट एकटीने सरकवावं तसा तिचा आवाज लागला.

"आमच्याकडे उजेड नाहीये," ती म्हणाली.

फोन संपला.

"कोण आहे ही?" गाळणीने विचारलं.

मावशीने मान हलवली. "नाही ओळखता येत. माझ्या जिन्यातली नाही."

"जुन्या नोंदीतही नाही," मशीनदादा म्हणाला. "नवाच खण आहे."

गाळणीच्या डोक्याने सवयीने शंका पुढे केली, आणि यावेळी ती शंका खोडून काढता येण्यासारखी नव्हती. "मावशी, तू जिन्यात काय केलंस ते सगळ्यांनी ऐकलंय. त्याने हेच उचललं असेल तर? तुला परत बोलवायला?"

"असेल," मावशी म्हणाली. तिने चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि पायांनी टेबलाखालच्या चपला शोधू लागली. "मी फोन केला तेव्हा तरी तुला कुठे माहीत होतं, मी आहे की ते?"

"नव्हतं."

"आलीस ना?"

गाळणी उठली. मशीनदादाने खिसे चाचपून किल्ली काढली. "माझी गाडी आहे खाली. लहान आहे, पण तिघं आरामात बसू."

"जाताना तिघं," मावशी म्हणाली. "येताना चौघं. मागची सीट मोकळी करून ठेव."